गोधडीला पाय निवडणारी

जैतूनमावशी गोधडी आधी गालाला लावायची. गिऱ्हाईक उंबऱ्यात ताटकळत उभं असायचं आणि ही बाई डोळे मिटून, त्यांच्या जुनेरांची घडी गालावर धरून, आत कुणी झोपलंय की काय ते ऐकल्यासारखी बसून राहायची. नवखं माणूस गोंधळायचं. गाल तरी कसला, देवीच्या वणांनी भरलेला; लहानपणी तिला देवी येऊन गेल्या आणि जाताना तोंडभर खुणा ठेवून गेल्या. बोटांना कामाची घाई असते, ती खोटं सांगतात, गालाला कसली आलीय घाई, असं तिचं म्हणणं. जाडीचा अंदाज आला की ती डोळे उघडायची, मशीनशेजारचा तंबाखूचा पत्र्याचा डबा पुढे ओढायची आणि त्यातून एक पाय काढायची.

पाय म्हणजे सुईशेजारी कापड दाबून धरणारा लोखंडी तुकडा. बाकीच्या शिंप्यांकडे तो एकच असतो, मशीनबरोबर आलेला, आणि तोच मशीन मोडेपर्यंत चालतो. मावशीकडे डबाभर होते. जुन्या लुगड्यांचे नुसते थर शिवायचे असले की दोन बोटांचा साधा पाय. कापूस भरलेल्या रजईला नाक वर वळवलेला पाय. तो तिने लोहाराच्या डोक्यावर उभं राहून हवा तसा वळवून घेतला होता आणि मग तेलाच्या दगडावर घासघासून आरशासारखा केला होता. सरळ ओळी घालायला एक दांडीचा पाय, म्हणजे दांडी आधीच्या शिवणीवर टेकवत गेलं की पुढची ओळ तेवढ्याच अंतरावर पडते. काठाला मगजी लावायला एक अर्धाच पाय, त्याला ती लंगडा म्हणायची.

एवढे सोपस्कार कशाला, असं मी सुरुवातीला विचारलं होतं. तेव्हा तिने मुद्दाम मला साधा पाय लावून जाड रजई शिवायला बसवलं. वरचं कापड पुढे सरकत गेलं, खालचं मागे राहिलं आणि सगळा कापूस पळत जाऊन टोकाला गोळा झाला. ती शेजारी पान लावत बसली होती. म्हणाली, "कापूस भित्रा शे, वं काशी. दाबशी तं पुढे पळस." मग ती सगळी शिवण माझ्याकडूनच उसवून घेतली. उसवताना माझ्या तोंडाचा पट्टा चालू होता आणि ती शांतपणे पान चघळत होती.

माझं माहेर ब्राह्मणपुरीचं. लग्न होऊन तळोद्याला आले तेव्हा अंगात आळस भरलेला आणि जीभ कात्रीसारखी. सासूबाई वैतागल्या आणि म्हणाल्या, जीभ चालते तेवढा हात चालू दे, जा त्या पिंजाऱ्याच्या जैतूनकडे. तिचं घर आमच्या मागच्या दारासमोर, मध्ये एक बोळ. मी गेले ती तिच्याकडेच रमले. पुढे मुलींच्या शाळेत शिवण शिकवून मी चार माणसांत नाव मिळवलं ते तिच्याच जिवावर. तिची मुलगी राबिया माझ्याहून थोडी लहान. आम्ही दोघी मशीनच्या दोन बाजूंना बसायचो, मावशी मध्ये, आणि दोघींनाही बोलणी सारखीच बसायची.

तिचा नवरा पिंजारी होता. मी फक्त त्याचा खोकला ऐकलाय, माणूस नीट पाहिलाच नाही. आतल्या खोलीत पडून असायचा. आयुष्यभर कापूस पिंजला, तो छातीत जाऊन बसला. धडधाकट असताना त्याने सुरतेहून एक वापरलेलं हातमशीन आणलं होतं, नंदुरबारपर्यंत आगगाडीने आणि तिथून बैलगाडीत मांडीवर घेऊन. तो गेला त्या थंडीत मावशीने इद्दत पाळली, विधवेने घरात बसायचे ते चार महिने दहा दिवस, आणि ती संपल्यावर पहिल्यांदा मशीनवर बसली तेव्हा रडली नाही, चाकाला तेल घातलं. मला तेव्हा ती बाई कठोर वाटली. आता तसं वाटत नाही.

माणसांनाही ती शिवणीतल्याच मापाने मोजायची. बारीकसा नवा जमादार गावावर मोठा रुबाब करायला लागला तेव्हा ती म्हणाली, "जाड गोधडीवर बारीक पाय." तेवढंच. पण गावात तो बारीक पायच झाला, बदली होईपर्यंत. माझ्या सासूबाईंनाही तिने असंच काहीतरी नाव ठेवलेलं असणार. मी पुष्कळ खोदून विचारलं, तिने सांगितलं नाही.

मोलगीकडून डोंगरातली माणसं बाजाराला उतरायची. एकदा एक पावरा बाई चिंध्यांचं गाठोडं डोक्यावर घेऊन आली. तिची बोली आम्हाला धड कळेना, मावशीला मोजके शब्द येत होते. त्या दिवशी माझ्या नणंदेच्या लग्नातली गोधडी मशीनवर अर्धी झाली होती. मावशीने ती सरळ काढून बाजूला ठेवली, रुंद पाय लावला, वरचा दाबाचा खिळा सैल केला आणि त्या बाईचं गाठोडं हातात घेतलं. मी फुरंगटले. तर मला म्हणाली, तुझ्या नणंदेला दार आहे, भिंत आहे. ही उघड्यावर शेकोटीजवळ झोपते, आणि तिला दिवस मावळायच्या आत घाट चढायचाय. मी गप्प बसले खरी, पण त्यावर तिने त्या चिंध्या आधी धुऊन वाळवायला घातल्या आणि त्या बाईला उन्हं उतरेपर्यंत बसवून ठेवलं, तेव्हा मला हसू आवरेना. घाई असली तरी धुतल्याशिवाय कापड पायाखाली जायचं नाही, हा तिचा नेम. न धुतलेलं कापड नंतर आटतं, शिवण चुरगळते, आणि मळ खालच्या दात्यांत बसतो. "धोयाबिगर मन्हा पायखाल काहीच जावाव नही," असं ती भल्याभल्यांना सुनवायची.

हा नेम तिने आयुष्यात एकदाच मोडला.

राबियाचं लग्न शहाद्याला झालं, बांगड्या विकणाऱ्या घरात. पहिलं मूल आठवडाभर जगलं. दुसरं तेवढंही नाही. तिसऱ्या वेळी दिवस राहिले तेव्हा सासूने निरोप धाडला, या खेपेला लेकरू हाती लागलं नाही तर तुमची मुलगी तुमच्याकडेच राहू द्या, आम्ही मुलाचं दुसरं लग्न लावू. राबिया बाळंतपणाला आली ती वाळलेल्या काडीसारखी. जेवायला बसली की घास हातात धरून बसायची. मावशीचं सगळं लक्ष आता एकाच गोष्टीत, हे मूल जगलं पाहिजे. मूल जगलं तरच पोरीचा संसार राहणार होता.

आमच्याकडे एक रीत होती, हिंदू-मुसलमान दोघांतही. ज्या घरची लेकरं जगत नाहीत त्या घराने पाच घरी पदर पसरायचा आणि जित्याजागत्या लेकरांच्या अंगाखालचं फडकं मागून आणायचं. त्या तुकड्यांची गोधडी करून बाळाला तिच्यात गुंडाळायचं. बाळाचं नावही चिंधी, भिक्या असलंच काहीतरी ठेवायचं, म्हणजे मरणाला वाटतं, हे कुणाचं तरी टाकलेलं आहे, याच्यात काय घ्यायचं. आणि या रीतीची एक अट होती: ते फडकं धुवायचं नाही. जगलेल्या लेकराचा वास त्यात असतो, धुतलं की तो वास जातो आणि मग नुसती चिंधी उरते.

मावशी असल्या गोष्टींना हसणारी बाई. पण दोन नातवंडं पुरलेली माणसं हसत नाहीत. राबियाच्या सासूने रीत सांगितली, सुईणीने ती उचलून धरली, आणि मावशी पदर पसरून बोळातून निघाली. माझ्या घरून माझ्या थोरल्याच्या अंगाखालचं धडुतं मीच काढून दिलं. आणखी चार घरं झाली. कुणीही नाही म्हटलं नाही. अशा वेळी नाही म्हणत नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही शिवायला बसलो. पाच घरचे पाच तऱ्हेचे तुकडे, एक जाड, एक विरलेला, एक लोकरीचा. असल्या गोधडीला एक पाय चालत नाही. दर तुकड्याला मावशी डब्यातून नवा पाय काढायची, स्क्रू पिळायची आणि पुढे जायची. एरवीचं गालाला लावणं त्या दिवशी नव्हतं. एवढ्या तऱ्हांत गालाला काय कळणार, म्हणाली. मी चाक फिरवत होते, ती दोन्ही हातांनी कापड धरत होती.

एका निळ्या चौकटीच्या तुकड्यावर पाय अडकला. मागे घेतला, पुन्हा सोडला, पुन्हा अडकला. मावशीने बोट फिरवून पाहिलं. तुकडा जागोजाग कडक झाला होता, कांजी लागून वाळली की होतो तसा. बाळाला भरवताना पेज सांडली असेल, असं आम्ही दोघींनी धरलं. दुसऱ्या कुठल्याही दिवशी तिने तो तुकडा गरम पाण्यात टाकला असता. त्या दिवशी ती क्षणभर थांबली, आतल्या खोलीकडे पाहिलं, तिथे राबिया कुशीवर झोपली होती. मग डब्यातून तो घासून गुळगुळीत केलेला पाय काढला आणि लावला. त्या पायाखालून तुकडा विनातक्रार गेला.

मुलगी झाली. चिंधी म्हणायला लागले तिला. काळ्याभोर जावळाची, सारखी मुठी चोखणारी. तिसऱ्या आठवड्यात तिला ताप भरला आणि मग अंगावर पुरळ उठलं, तोंडात, डोळ्यांत, तळपायांवर. एवढ्याशा अंगावर जागाच किती असते! राबियाला लहानपणी देवी टोचल्या होत्या, तिला ताप येऊन उतरला. मावशीला देवी पूर्वीच येऊन गेलेल्या, म्हणून तीच लेकराला घेऊन बसायची. कापसाने डोळे पुसायची, दूध बोटाने ओठांवर सोडायची. लेकरू रडायचं तेव्हा आवाज फुटत नव्हता. एका दुपारी तेही थांबलं.

मी नंतर गेले तेव्हा मावशी अंगणात गोधडी उसवत बसली होती. माझ्याकडे न बघता तिने तो निळ्या चौकटीचा तुकडा उलटा करून पुढे केला. मागच्या बाजूला तपकिरी डाग होते आणि डागांना खपल्या चिकटलेल्या होत्या, वाळलेल्या. कांजी नव्हती ती.

ते घर कुणाचं हे मला माहीत होतं, तुकडा ओळखीचा होता. त्यांच्या लेकराला देवी येऊन गेल्या होत्या. आमच्यात देवी घरात असल्या की कुणाला सांगत नाहीत, आणि त्या दिवसांत दारी आलेल्याला रिकाम्या हाताने परत लावतही नाहीत. देवी रागावतील ही एक भीती, आणि सरकारी माणसं येऊन घर बाजूला काढतील ही दुसरी. त्यांचं लेकरू तर वाचलं होतं. मागणारीने जगलेल्या लेकराचं फडकं मागितलं, त्यांनी मरणाच्या दारातून परत आलेल्या लेकराचं दिलं. याहून शकुनाचं फडकं कुठलं, असंच त्यांना वाटलं असणार. वाईट बुद्धीने कुणीही काही केलं नाही. त्यानेच जास्त जीव जळतो. शिव्या घालायलासुद्धा माणूस सापडत नाही.

मावशी मला म्हणाली, तू काही पाहिलं नाहीस. मग तिने सगळे तुकडे चुलीत घातले आणि काठीने ढोसत बसली.

काही दिवसांनी शहाद्याची गाडी आली. राबियाचा नवरा खाली मान घालून ओट्यावर बसला, सासू आत. बोळातल्या बायका दाराशी गोळा झाल्या, मीही होते. सासूने स्पष्टच सांगितलं: आमचं काही भांडण नाही, पण या पोरीची कूसच काळी आहे, तीन वेळा पाहिलं. आता मुलाचं दुसरं लग्न करणार. ही इथेच बरी. राबिया भिंतीला टेकून बसली होती. तिने मान डोलावली. तिला ते पटलेलं होतं, हेच सगळ्यात वाईट. आपल्याच पोटात विष आहे असं मानून ती जगाला रस्ता मोकळा करून द्यायला तयार झाली होती.

मावशी मशीनपाशी उभी होती. तिने चाकावर हात ठेवला, जसा गुरावर ठेवतात.

"पोरनी कूसमा काहीच खोट नही," ती म्हणाली. "हाई लेकरू मी मारं."

मग तिने सगळं सांगितलं, एकेक टाका उसवावा तसं, सावकाश. भीक मागून आणलेली फडकी. एकावर पाय अडकला. कडक लागलं हाताला. धुवायला हवं होतं, सगळ्या तळोद्याला ती धुवायला सांगत आली होती. "तुकडा अटकना व्हता. मी पाय बदला. तुकडा नही बदला." देवी त्या तुकड्यातून आल्या, पोटातून आल्या नाहीत. आधीची दोन गेली ती अल्लाने नेली, पण हे तिसरं आपल्या हाताने गेलं, ते पोरीच्या नावावर घालू नका.

सासूने विचारलं, तो तुकडा कुठल्या घरचा? दारातल्या बायका एकमेकींकडे पाहायला लागल्या. त्या घरची बाई तिथेच उभी होती, माझ्यापासून दोन हातांवर. तिच्या तोंडचं पाणी पळालेलं मी पाहिलं.

"मांगनारी मी, शिवनारी मी," मावशी म्हणाली. "देनारानं घर तुम्हले काय करनं?"

राबियाचा नवरा ओट्यावरून उठून आत आला. तो फार बोलणारा माणूस नव्हता. आईला म्हणाला, चला, आपण हिला घेऊन जाऊ. सासूने तोंड वाकडं केलं, पण अडवलं नाही. राबिया उठली. तिने बोचकं बांधलं. मला वाटलं आता आईच्या गळ्यात पडेल. ती मावशीसमोर आली, तिच्या हातांकडे बघत राहिली, तोंडाकडे नाही, फक्त हातांकडे. आणि वळून गाडीत जाऊन बसली.

त्यानंतर ती तळोद्याला आली नाही. ईदेला नाही, सणासुदीला नाही. शहादा काही लंकेत नाही. मावशीने तिला कधी बोलावलंही नाही. गावाने मात्र मावशीकडे कापडं टाकणं कमी केलं; लहान मुलांचं तर कुणीच देईना. लोकांचं मी समजू शकते, तरी मला राग यायचा आणि मी तो बोळात उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असा काढायची. मावशी म्हणायची, कशाला घसा कोरडा करतेस. तिच्या डोळ्यांत तेव्हाच सारा चढायला लागला होता, नजर अंधुक होत चालली होती.

काही वर्षांनी राबियाला पुन्हा दिवस राहिल्याची बातमी कळली. या खेपेला बाळंतपण सासरीच होणार होतं. मावशी भिंत चाचपत माझ्या दारात आली. म्हणाली, काशी, बाळाला गोधडी तू शिवशील. तुझ्या नावाने जाईल. मी हात लावणार नाही, माझ्या हाताचा दोराही त्यात नको.

मी माझं जुनं मऊ लुगडं काढलं. मावशीने ते माझ्याकडून मोठ्या हंड्यात उकळवलं, उन्हात वाळवलं, पुन्हा उकळवलं. मग मला तिच्या मशीनवर बसवलं आणि स्वतः मागे भिंतीला टेकली, दोन्ही हात काखेत दाबून, न जाणो चुकून पुढे जातील म्हणून. डोळ्यांना दिसत नव्हतंच. मशीनच्या आवाजावरून ती सांगायची. "थांब. पाय जड पडी ऱ्हायना. नाकवाला लाव." मी लावायची. पुन्हा काही वेळाने थांबवायची. कोपऱ्यांशी आले तेव्हा मी तशीच पुढे निघाले होते; कोपऱ्यावर थर दुप्पट होतात, तिथे पाय बदलायला हवा, पण एवढ्याशा जागेसाठी कोण बदलतं! मावशीने मागून टोकलं. मी कुरकुरले, माझी मान दुखतेय म्हटलं. तिने ऐकलं नाही. चारी कोपऱ्यांना तिने माझ्याकडून पाय बदलून घेतला. एवढी मऊ गोधडी मी आधी किंवा नंतर शिवलेली नाही, कारण ती मी शिवलेलीच नव्हती.

गोधडी माझ्या नवऱ्याने शहाद्याला पोचवली, काशीने पाठवली म्हणून सांगितलं. राबियाने ठेवून घेतली. मुलगा झाला आणि जगला.

मग मावशीला एकच नाद लागला. शहाद्याहून कुणी आलं की मला पुढे करून विचारायला लावायची: पोरगं गोधडीत झोपतं का? झोपतं, असं कळलं की तिचं वणांचं तोंड उजळायचं. लहान मुलीने चोरून चिंच खाल्ल्यासारखी हसायची आणि माझ्या मांडीवर थाप मारून म्हणायची, "तिले समजनं नही, काशी." हे मला किती वेळा ऐकवलं असेल! पोरीला फसवून तिच्या घरात शिरल्याचा तो आनंद होता, दुसरा आनंद तिला उरलाच नव्हता. शेवटच्या थंडीत नवऱ्यासारखाच तिलाही खोकला लागला. खोकल्याची ढास थांबली की मध्येच पुटपुटायची, पोरगं आता पायाने गोधडी लाथाडत असेल, चार वर्षांचं झालं. एका सकाळी तिने पाणी मागितलं आणि ते प्यायच्या आत गेली.

राबिया आली ती पुरुष जनाजा घेऊन निघाल्यावर. बाया बसलेल्या होत्या तिथे कोपऱ्यात बसली. रडली नाही. पोरगं तिच्या मांडीवर झोपलेलं, गाडीत थंडी होती म्हणून गोधडीत गुंडाळलेलं. तीच गोधडी. धुऊन धुऊन रंग उडालेला, पण एकही ओळ सुटलेली नाही. बाया उठून गेल्यावर मला राहवलं नाही. मेलेल्या माणसाचं गुपित ठेवून काय करायचं? मी म्हटलं, राबिया, ही गोधडी माझी नाही गं.

"माहीत शे," ती म्हणाली. गोधडीचा कोपरा बोटांत धरून तिने माझ्यापुढे केला. "तू कोपराले पाय बदलस का कधी? तुन्हा आळस मी लहानपनपाईन देखस, काशीबहीन. हाई गाडीमाईन उतरनी तवयच मले समजनं, तुन्हा मांगे माय बशेल व्हती."

म्हणजे इतकी वर्षं हिला ठाऊक होतं. इकडे ती म्हातारी दर बाजाराच्या दिवशी कान लावून बसायची, आणि तिकडे हिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी चिडले. मयताच्या घरात आवाज चढवू नये, पण चढला. म्हटलं, मग एकदा यायचं होतंस, निदान निरोप धाडायचा होतास, की आई, मी ओळखली. तिच्या जिवाला केवढं वाटलं असतं.

राबिया पोराच्या पाठीवर थोपटत राहिली.

"तिनं तोंड मन्हाघाई देखाये नही," ती शेवटी म्हणाली. "गोधडी देखाये. तितलंच व्हयनं मन्हाघाई."

आईचं तोंड हिला बघवत नव्हतं, गोधडी तेवढी बघवत होती! मला तिला एक ठेवून द्यावीशी वाटली आणि पोटाशी धरावंसंही वाटलं. मी दोन्ही केलं नाही. पोरगं जागं झालं होतं, भूक लागली म्हणत होतं. त्या घरात चूल पेटणार नव्हती, म्हणून मी त्याला कडेवर घेऊन बोळ ओलांडला आणि माझ्या स्वयंपाकघरात बसवून दूध-भाकर कुस्करून दिली.